आम्ही जावा बदलला आणि काहीच झालं नाही

ऑफिसात काम अडलं की त्याचं टिकीट निघतं, त्याला नंबर मिळतो, ते कुणाच्या तरी नावावर चढतं. किश्शांचं तसं नसतं. ते नुसते साचत जातात. एखादा जिन्यात ऐकलेला, एखादा कँटीनच्या रांगेत, आणि एखादा असा, की तो घडताना त्यातलं येडं आपणच असतो! परवा माझ्या लक्षात आलं, की गेल्या सात महिन्यांत माझ्याकडे एकाच विषयाचे किस्से साचलेत. विषय काय, तर जावा बदलणे. सांगून मोकळी होते, नाहीतर कधीतरी भलत्याच मीटिंगमध्ये हसू फुटायचं.

आधी ओळख. मी प्रज्ञा. घर सिकंदराबादला, वडील रेल्वेत होते, मी माधापूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड. शहरभर शाखा असलेल्या एका रक्ततपासणी लॅबचं सॉफ्टवेअर आमची टीम चालवते. तुम्ही सुईकडे न बघता सकाळी रक्त देता आणि संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो. मधलं सगळं आमचं. हे चालतं जावावर. जावा म्हणजे आमच्या प्रोग्रामच्या खालचं इंजिन म्हणा. आता हे इंजिन एकाच कंपनीचं घ्यावं असं नसतं. दुसऱ्यांनी बनवलेला जावाही मिळतो, फुकट मिळतो, आणि कागदोपत्री अगदी तोच असतो. त्या 'कागदोपत्री'नं आमचे सात महिने खाल्ले.

काम ज्याच्या गळ्यात पडलं तो बालाजी कदम. जामबागचा. आजोबा परभणीकडची शेती भावाला देऊन निजामाच्या काळात इकडे आले, ते इथलेच झाले. कदम कामाला वाघ आणि मीटिंगमध्ये गरीब गाय. आठ वर्षं काँट्रॅक्टवर. दर मार्चमध्ये 'पुढच्या वेळी नक्की पर्मनंट' हे ऐकायचं आणि परत येऊन खुर्चीत बसायचं. ह्या वेळी मात्र त्याला पर्मनंट व्हायचंच होतं. त्याच्या वडिलांच्या किडन्या अधू झाल्यात, आणि आमच्याकडे आईवडिलांचं नाव मेडिकल कार्डावर चढतं ते फक्त पर्मनंट माणसाच्या.

आमचे मॅनेजर राव सर. तेलुगू माणूस, बोलतात इंग्रजी, हिंदी, तेलुगूची खिचडी. मी आपली मराठीतून वाढतेय. त्यांनी भर मीटिंगमध्ये शब्द दिला. "कदम, डिसेंबर संपायच्या आत नवा जावा लाव. लॅबची एकही तक्रार येता कामा नये. तुझी फाइल मी स्वतः कमिटीपुढे ठेवतो!"

"हौ सर," कदम म्हणाला. झालं, सुरू!

*

मुळात जावा बदलायचा कशाला? तर जुन्याच्या परवान्याचे नियम बदलले. जावा किती जण वापरतात हे आता कुणी विचारत नव्हतं, कंपनीत माणसं किती आहेत ते विचारून तेवढ्यांचे पैसे मागत होते.

"म्हणजे गेटवरचा वॉचमनसुद्धा धरायचा?" राव सरांनी विचारलं.

"तोसुद्धा," लीगलवाले म्हणाले. पण त्यांनाच ते पटेना. त्यांनी कंपनीतल्या यच्चयावत माणसांना एक फॉर्म पाठवला. प्रश्न एकच: तुम्ही जावा वापरता का?

वॉचमन लोकांना ईमेल नाही, म्हणून एचआरची एक मुलगी कागद घेऊन खाली गेली. आमच्या गेटवर यादगिरी आहे, केस पांढरे झालेला, अत्यंत सज्जन. तिनं प्रश्न वाचून दाखवला तसा तो उभा राहिला. टोपी काढली. इकडेतिकडे बघितलं.

"ड्यूटी पे कभी नहीं मॅडम. कसम से!"

लीगलनं त्याची नोंद 'कधीकधी वापरणारे' ह्या रकान्यात केली.

*

नवा जावा कंपनीत आणायचा तर सिक्युरिटीची मंजुरी लागते. तिथे सुधाराणी मॅडम. कुठलीही फाइल त्यांच्याकडे गेली की आधी त्यांचे ओठ मिटतात.

"फुकट का देतात?" त्यांचा पहिला प्रश्न.

कदमनं सांगितलं, की जगभरचे लोक मिळून बनवतात, सगळ्यांसाठी असतो.

"लोक म्हणजे कोण? फॉर्ममध्ये जबाबदार व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर लागतो."

फॉर्म परत. कदमनं पुन्हा भरला, 'जगभरचे स्वयंसेवक' लिहिलं. परत! तिसऱ्यांदा त्यानं बनवणाऱ्या मंडळींची यादीच जोडली, चांगली जाडजूड. मॅडमनी विचारलं, "ह्यांतला फोन कोण उचलेल?"

महिना गेला ह्यात. मला राग लवकर येतो, मी तरातरा त्यांच्या केबिनमध्ये गेले. कदम मागे मागे. भांडणाला सुरुवात करणार, तेवढ्यात कदमनं हळूच त्यांच्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. अख्ख्या कंपनीवर पाळत ठेवणारं त्यांचं जे सॉफ्टवेअर, त्याच्या माहितीच्या पानावर तळाशी त्याच फुकटच्या जावाचं नाव होतं! मॅडमचा सगळा पहारा चार वर्षं त्याच्यावरच उभा होता.

मी म्हटलं, "मॅडम, हे काय?"

त्यांनी चष्मा सारखा केला. मग शांतपणे म्हणाल्या, "ते वेगळं. ते आम्ही मंजूर केलेलं नाही. ते आधीपासूनच आहे."

*

एकदाची मंजुरी मिळाली. कदमनं चाचणीच्या मशीनवर नवा जावा बसवला, आमचं सॉफ्टवेअर सुरू केलं. स्क्रीनवर लाल अक्षरं: 'ह्या मशीनवर जावा नाही. आधी जावा बसवा.'

कदमनं काढून पुन्हा बसवला. पुन्हा तेच. तीन वेळा झालं.

भानगड अशी होती. आमचं सॉफ्टवेअर सुरू होताना एक छोटा प्रोग्राम आधी जावाला विचारतो, तू कोण? जुना जावा आपलं नाव सांगायचा, त्यातला पहिला शब्द 'जावा'. नव्याचं नाव दुसऱ्याच शब्दानं सुरू होतं. पहिला शब्द ओळखीचा नाही म्हटल्यावर प्रोग्रामनं दार लावून घेतलं. आता खरी मजा ऐका. जावा नाही असं ओरडणारा तो प्रोग्राम स्वतः जावातच लिहिलेला! त्या क्षणी त्याच नव्या जावावर चालत होता! म्हणजे कुणीतरी स्वतः येऊन दार उघडावं आणि सांगावं, घरात कोणी नाही.

मला हसू आवरेना. मी आणि टीममधले चारपाच जण कदमच्या खुर्चीमागे गोळा झालो.

"कुठल्या शहाण्यानं लिहिलंय हे?" मी म्हटलं. "नाव बघ रे त्याचं. हे असले लोक लिहून जातात अमेरिकेला आणि निस्तरतो आपण. ह्याला कॉलेजनं पास तरी कसं केलं?"

कदमनं माऊसवरचा हात काढून घेतला. मी म्हटलं, "अरे बघ ना!"

"नक्को ताई, जाऊ द्या."

"जाऊ द्या काय! दाखव."

त्यानं नाइलाजानं पान वर सरकवलं. वर लिहिलं होतं: 'लेखक प्रज्ञा. ही तपासणी कायमची आहे, कुणी बदलू नये.' अकरा वर्षांपूर्वीचं!

मागचे चारपाच जण एकदम चहाला गेले.

*

पुढचं दुखणं अक्षरांचं. जुना जावा स्वतःबरोबर आपले फॉन्ट घेऊन यायचा, नवा हात हलवत आला. त्यामुळे झालं काय, रिपोर्टमधली अक्षरं किंचित रुंद झाली. लांब नाव दुसऱ्या ओळीवर घसरायचं, आणि नाव घसरलं की आकडे भलत्याच घरात. आमचा चाचणीचा पेशंट आहे, 'टेस्ट कुमार'. नव्या जावावर त्याचं हिमोग्लोबिन एकशे चाळीस आणि शुगर तेरा! पांढऱ्या पेशी तर प्लेटलेटच्या घरी राहायला गेलेल्या. नशीब, हे सगळं आमच्याच मशीनवर चाललं होतं, लॅबपर्यंत काही पोचलं नव्हतं.

दुसरे फॉन्ट आणून, एकेक करून लावून बघायचे, एवढाच उपाय. पण जुळलं हे ठरवायचं कसं? कदमनं स्वतःची पद्धत काढली. जुन्या जावावरचा रिपोर्ट छापायचा, नव्यावरचा छापायचा, दोन्ही कागद एकावर एक ठेवून सहाव्या मजल्याच्या खिडकीच्या काचेला दाबून धरायचे. मागून ऊन आलं की केसाएवढा फरक दिसतो. लॅबच्या प्रत्येक तपासणीचा प्रत्येक नमुना त्यानं असा धरला. तीन आठवडे! मान आखडली, पण हटला नाही. मी म्हटलं, "अरे, नमुन्यादाखल दहावीस बघ की."

"ताई, राहिलेल्यातला एखादा माझ्याच घरी येईल," तो म्हणाला.

चौथ्या सोमवारी अख्ख्या मजल्याला सुधाराणी मॅडमचा मेल आला. लाल रंगात. 'सहाव्या मजल्यावरील एक कर्मचारी गेले तीन आठवडे दुपारी दोन ते चार ह्या वेळेत समोरच्या इमारतीतील कंपनीला गोपनीय कागदपत्रे दाखवत असल्याचे कॅमेऱ्यात आढळले आहे.'

टेस्ट कुमारची शुगर!

*

डिसेंबर अर्धा सरला. राव सरांनी लॅबच्या सगळ्या शाखांना मेल टाकला, की येत्या शुक्रवारी नवा जावा बसेल. शुक्रवारी लॅबनंच कळवलं, आज गर्दी आहे, रविवारी संध्याकाळी करा. म्हणजे शुक्रवारी काहीही बसलं नाही. हे नीट ध्यानात घ्या.

शनिवारी सकाळी अफझलगंज शाखेतून खान साहेबांचा फोन. काउंटरवर तेच असतात, आणि आवाज असा की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"क्या डाले मियाँ तुमे लोगां? कल से पूरा सिस्टम हल्लू चल रा! पब्लिक चिल्ला री यहाँ!"

कदमचा चेहरा पांढरा पडला. एकही तक्रार नको, अशी अट होती ना! मी खुणेनं म्हटलं, सांग त्यांना, काही बसवलेलंच नाही. पण कदम भला माणूस. खोटं ठरवलं तर खान साहेबांना वाईट वाटेल म्हणाला. त्यानं नम्रपणे सांगितलं, "साब, पाँच मिनिट दीजिए." मग फोन बाजूला ठेवून बाटलीतलं पाणी प्यायला. पाच मिनिटांनी विचारलं, "अब देखो साब?"

"हौ! अब एकदम मक्खन! कायकू छेडते भई चलती चीज को?"

राव सरांनी मात्र नियमावर बोट ठेवलं. तक्रार ती तक्रार, रजिस्टरमध्ये चढली. त्यावर सहा दिवस मेलामेली झाली, की न बसवलेल्या गोष्टीविरुद्धची तक्रार कोणाच्या खात्यात धरावी. शेवटी ती जुन्या जावाच्या नावावर टाकली. खान साहेबांनी कदमला पाच तारे दिले, वर लिहिलं, 'बहुत अच्छा सुधार.'

*

बरं, तो रविवार. लॅबनं दिलेली वेळ साडेचार ते सहा. राव सरांनी मोबाइलवर पंचांग उघडलं आणि कपाळाला हात लावला. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ!

"अय्यो! राहुकाळात नवा जावा? अजिबात नाही!"

लॅब वेळ बदलेना, राव सर ऐकेनात. कदमचे दिवस भरत आलेले. पुढचे रविवार सुट्ट्यांत, मग जानेवारीच. मी डोकं धरून बसले. इथे एक माणूस बापाच्या कार्डासाठी तीळतीळ झिजतोय आणि अडवणार कोण, तर राहू!

तेवढ्यात कदम हळूच म्हणाला, "सर, आपला सर्व्हर सिंगापूरला आहे. तिथे तेव्हा सात वाजलेले असतात."

राव सर थबकले. विचार मोठा होता. जावा बसणार सिंगापूरच्या मशीनवर, मग राहुकाळ कुठला धरायचा? बटण दाबणाऱ्याचा, की मशीनचा? त्यांनी सरळ आपल्या पंतुलुगारूंना, म्हणजे भटजींना, फोन लावला. स्पीकरवर. सगळी हकीकत सांगितली. आम्ही आठ जण फोनभोवती.

पंतुलुगारूंनी विचारलं, "मशीन स्वतःचं की भाड्याचं?"

"भाड्याचं," राव सर म्हणाले.

"मग गृहप्रवेशाचा प्रश्नच नाही. करून टाका!"

*

केलं. साडेचारला सुरू, पाच दहाला संपलं. आणि मग काहीच झालं नाही! सोमवारी सगळे फोनकडे बघत बसलो. फोन नाही. मंगळवारी नाही. रिपोर्ट निघत होते, आकडे आपापल्या घरात बसले होते, कुणाला पत्ताही नव्हता की खालचं इंजिन बदललंय. मला तर रडूच आलं, खरं सांगते, आनंदानं.

आणि इथेच घोडं अडलं. राव सर कमिटीचा फॉर्म घेऊन आले. त्यात मोठा चौकोन: 'तुमच्या कामामुळे काय बदललं?'

कदम दोन दिवस त्या चौकोनाकडे बघत होता. काय लिहिणार? काहीही बदलू नये हेच तर काम होतं!

"काहीतरी दणदणीत पाहिजे," राव सर म्हणाले. "बाजूच्या टीमचं बघ."

बाजूच्या टीमचं काय सांगू! त्यांची सिस्टिम मंगळवारी पडते, बुधवारी ते उचलतात, गुरुवारी केक कापतात. भिंतीवर 'महिन्याचा स्टार' म्हणून जे फोटो आहेत ते सगळे त्यांचे. ज्याच्या हातून पडतं तोच उचलतो, म्हणून फोटो त्याचाच!

राव सर खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "फक्त दहा मिनिटं बंद ठेव. लॅब बोंबलेल. मग चालू कर. मी डायरेक्टरना मेल टाकतो, कदमनं वाचवलं!"

आणि आता माझीही करणी सांगते, लपवत नाही. मीसुद्धा म्हटलं, "कदम, दहाच मिनिटं रे. कुणाचं काय जातंय? मेल मी लिहिते."

कदमनं खुर्ची माझ्याकडे वळवली.

"ताई, बाबांचा रिपोर्ट यायचा असतो तेव्हा मी लॅबच्या पायरीवर बसलेला असतो. दहा मिनिटं कशी जातात मला माहीत आहे."

माझे कान तापले. मला माझीच लाज वाटली. राव सरसुद्धा उठून गेले. कदमनं पेन घेतलं आणि त्या मोठ्या चौकोनात दोन शब्द लिहिले: 'काही नाही.'

*

कमिटी बसली जानेवारीत, दुपारी चारला. त्याच दिवशी सकाळी ऑफिसात वार्षिक आरोग्य तपासणी होती, आमच्याच लॅबची माणसं खाली टेबल टाकून बसलेली. त्यामुळे समोर बसलेल्या डायरेक्टरसाहेबांच्या कोपरापाशी कापसाचा बोळा, माझ्याही, कदमच्याही. राव सर एका कडेला. टीम लीड म्हणून मी दुसऱ्या.

साहेबांनी फॉर्म वाचला. मग पुन्हा वाचला.

"सात महिने काम केलंस?"

"हौ सर."

"आधी रिपोर्ट यायचे, आताही येतात. वेग तोच. दिसायला तसेच. आणि काय बदललं, तर तूच लिहितोयस, काही नाही." त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला. "मग कंपनीनं तुला पर्मनंट का करावं?"

मी म्हटलं, "सर, मुद्दा असा आहे, की..."

त्यांनी हात वर केला. "त्याला बोलू द्या."

कदम कोपरापाशचा बोळा सारखा करत बसला. राव सर छताकडे बघत होते. मला वाटलं, गेलं. आठ वर्षं गेली, बापाचं कार्ड गेलं.

इतक्यात साहेबांचा मोबाइल टेबलावर थरथरला. "एक मिनिट," म्हणून त्यांनी चष्मा लावला. बोटानं वर सरकवलं, खाली सरकवलं, एका जागी थांबून दोनदा वाचलं. चेहरा सैल झाला.

"शुगर ठीक आहे," ते स्वतःशीच म्हणाले, आणि मोबाइल खाली ठेवला. "हं. काय म्हणत होतो आपण?"

कदम पुढे वाकला. "सर, रिपोर्ट नीट दिसला ना? आकडे रकान्यात आहेत ना बरोबर?"

"हो. व्यवस्थित आहे. का?"

"काही नाही सर," कदम म्हणाला. "एवढंच केलं."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. मोबाइल पुन्हा उचलला, रिपोर्ट पुन्हा उघडला, वरपासून खालपर्यंत पाहिला. मग फॉर्म पुढे ओढून पेनचं टोपण काढलं, आणि 'काही नाही'च्या खाली, 'मंजूर'च्या रकान्यात, सही केली.